'सी' भाषेतले जर-तर

मराठीत आपण "पाऊस आला तर पेरणी करू" असे म्हणतो. 'जर' बहुधा गाळतो, 'तर' मात्र ठेवतो. संगणकाच्या 'सी' भाषेत याच्या नेमके उलट आहे. तेथे 'जर' आहे, त्याला 'इफ' म्हणतात. 'नाहीतर' आहे, त्याला 'एल्स' म्हणतात. पण 'तर' हा शब्दच नाही. अट कंसात लिहायची आणि कंस मिटला की 'तर' आलाच असे समजायचे. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ही भाषा घडवली. शब्दांची काटकसर हा तिचा स्वभावच आहे. यंदा संगणकाच्या अल्पमुदतीच्या वर्गात मी ती शिकू लागले, तेव्हा पहिला घोळ या 'इफ'नेच घातला.

आमच्या घरचे दूध डेअरीला जाते. तेथे फॅट मोजून भाव लावतात. गायीच्या दुधाला ३.५ फॅट असले की पूर्ण भाव, त्याखाली कपात. (एसएनएफचा हिशेब निराळा असतो, तो येथे सोडते.) सरावासाठी मी यावरच आज्ञावली लिहिली. यंत्रावर हे रोमन लिपीत टंकावे लागते; येथे देवनागरीत देते:

इफ (फॅट > ३.५) भाव = पूर्ण; एल्स भाव = कमी;

आठ दिवसांच्या पावत्यांवरचे आकडे भरले आणि उत्तर आप्पांना वाचून दाखवले. आप्पांची शाळा चौथीत सुटली. पण ऐकता ऐकता त्यांनी मला थांबवले, "अगं, साडेतीनला कुठं कापतात? साडेतीनच्या खाली कापतात." दोन दिवसांचे फॅट बरोबर ३.५ होते आणि माझ्या यंत्राने त्या दोन्ही दिवसांचे पैसे कापले होते. '>' म्हणजे निव्वळ 'पेक्षा जास्त'. मला हवे होते '>=', म्हणजे 'जास्त किंवा तेवढेच'. बोलताना आपण 'साडेतीनच्या वर' म्हणतो, त्यात साडेतीन धरायचे की नाही हे ऐकणारा जाणतो. यंत्र जाणत नाही.

दुसरी चूक याहून मजेदार. आमच्याकडे एक म्हैसही आहे आणि म्हशीच्या दुधाला निकष ६ फॅटचा. मी गायीला १ व म्हशीला २ असा क्रमांक दिला आणि लिहिले: इफ (जनावर = २). झाले, गोठ्यातल्या साऱ्या गायी म्हशी झाल्या! 'सी'मध्ये एकेरी '=' चा अर्थ 'बरोबर आहे का?' असा नाही, 'एवढी किंमत ठेव' असा आहे. विचारायचे असेल तर '==' अशी दुहेरी खूण लागते. शिवाय शून्य म्हणजे खोटे आणि शून्य नसलेली कोणतीही किंमत म्हणजे खरे, असा या भाषेचा नियम. २ ठेवले, २ म्हणजे शून्य नव्हे, म्हणून अट दरवेळी खरी. यंत्राने तक्रारही केली नाही, कारण व्याकरणात ते वाक्य शुद्धच होते.

ही केवळ नवशिक्यांची चूक नव्हे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या आज्ञावलीच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी गुपचूप घुसडल्या. वरवर पाहता 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?' असा तो प्रश्न होता. पण खूण एकेरी होती, आणि शून्य क्रमांक हा सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. विचारल्यासारखे करून अधिकार बहाल करण्याचा तो डाव होता. ही प्रत मुख्य प्रतीशी जुळेना म्हणून तो वेळीच पकडला गेला.

महिरपी कंसांचेही असेच. 'इफ'खाली कंसाशिवाय दोन ओळी लिहिल्या तर पहिलीच अटीत धरली जाते. दुसरी कितीही आत सरकवून लिहा, ती अट नसल्यासारखी दरवेळी चालते. ॲपलच्या आज्ञावलीत अशीच एक ओळ चुकून दोनदा पडली होती. त्यामुळे समोरचे संकेतस्थळ खरे की तोतया, याची शेवटची तपासणी गाळलीच जात होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती चूक दुरुस्त झाली. मी तर आता एका ओळीलाही कंस घालते.

सगळे नीट झाले असे वाटले, तेव्हा आप्पांनी विचारले, "आणि लाईट नसली, फॅटच काढलं नाही तर?" मी त्या जागी शून्य भरून पाहिले. यंत्राने कमी भाव लावला. 'एल्स' म्हणजे 'साडेतीनच्या खाली' असे मी धरून चालले होते. त्याचा खरा अर्थ 'वरची अट खोटी ठरली ते सगळे' एवढाच आहे, आणि त्यात न मोजलेले दूधही येते. म्हणून आता सर्वांत आधी 'इफ (फॅट <= ०)' असे विचारते आणि तेथे भाव न लावता 'पुन्हा मोजा' असे छापते. त्यानंतर 'एल्स इफ' लिहून साडेतीनचा प्रश्न, आणि कपातीचे 'एल्स' अगदी शेवटी.