गेटवरचा रक्षक आणि संगणकाची फायरवॉल



मागच्या महिन्यात पाचवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, “मॅडम, फायरवॉल म्हणजे आगीची भिंत का?” सगळे हसले. पण त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मोठ्या इमारतीत किंवा कारखान्यात एका भागातली आग दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून जाड भिंत बांधतात, तिलाच मूळचा हा शब्द. संगणकवाल्यांनी तो तिथून उचलला. मात्र त्यांची भिंत सगळंच अडवत नाही. तिला एक गेट असतं आणि गेटवर रक्षक असतो. त्या रक्षकाला काय सांगायचं, म्हणजेच फायरवॉलचे नियम कसे लिहायचे, हे आज पाहूया.

आधीच सांगते, मी डी.एड. आहे, इंजिनिअर नाही. आमच्या संगणक खोलीत जुने आठ संगणक आहेत आणि त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्स, टाकलेलं आहे. नववा एक संगणक कपाटात बसवलाय. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. मुलांचे धडे, चित्रं, सरावाचे पेपर त्याच्यावर असतात, म्हणून त्याला आपण सर्व्हर म्हणू. इंटरनेट जोडल्यावर वाटलं, हा डबा असाच उघडा ठेवणं बरं नाही. तिथून माझं हे शिकणं सुरू झालं. मध्ये एकदा तोंडावर आपटले, तेही सांगणार आहे.

संगणक एकमेकांशी बोलतात ते सलग बोलत नाहीत. मोठं पत्र कापून त्याचे छोटे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या लिफाफ्यात घालून पाठवतात. या लिफाफ्याला पॅकेट म्हणायचं. लिफाफ्यावर काय काय लिहिलेलं असतं? पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक आणि पाठवण्याची पद्धत, म्हणजे टीसीपी किंवा यूडीपी. पत्ता म्हणजे घर आणि पोर्ट म्हणजे त्या घरातली खोली, असं मी मुलांना सांगते. ० ते ६५५३५ पर्यंत खोल्या असतात. काही खोल्या ठरलेल्या असतात: २२ नंबरात दुरून लॉगिन करता येतं, ८० आणि ४४३ वेबसाइटच्या, ५३ नावावरून पत्ता शोधून देणारी, ६३१ प्रिंटरची.

पॅकेट फिल्टर म्हणजे हा लिफाफा वरून वाचून ‘जाऊ दे’ किंवा ‘थांब’ म्हणणारा रक्षक. तो लिफाफा फोडत नाही, फक्त वरचं वाचतो. त्यामुळे ४४३ नंबरच्या परवानगीच्या वाटेने कुणी व्हायरस असलेली फाइल उतरवून घेतली, तर हा रक्षक सलाम ठोकून ती आत सोडेल. “फायरवॉल लावली, आता काळजी नाही” असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी हे आधीच सांगून ठेवते.

आता आमच्या खापरखेड्यातल्या मुलांना गेट समजावून सांगावं लागत नाही. गावातच औष्णिक वीज केंद्र आहे, २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच, एकूण १३४० मेगावॉट. अर्ध्या वर्गाचं कुणी ना कुणी तिथे कामाला जातं. गेटपास, रजिस्टर, नाव, वेळ, सही हे सगळं पोट्ट्यांना तोंडपाठ. म्हणून मी वर्गातच गेट केलं. दाराशी एक मुलगी रक्षक. तिच्या हातात नियमांचा तक्ता. बाकीच्यांच्या हातात चिठ्ठ्या: कुठून आलो, कुठे जायचं, खोली नंबर किती. तक्त्यावर मी मुद्दाम असं लिहिलं: पहिला नियम, पाचवीच्या सगळ्यांना जाऊ द्या. दुसरा, पाचवीच्या हजेरी क्रमांक ७ ला अडवा. तिसरा, बाकी सगळे थांबा.

सात नंबरवाला ऐटीत आत गेला. रक्षक मुलगी गोंधळली आणि मग ओरडली, “मॅडम, याले तं पयल्याच नियमानं सोडलं न मी!” बस, अर्धा धडा इथेच झाला. लिनक्सवर नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तिथे निकाल लागतो, खालचे वाचलेच जात नाहीत. म्हणून खास नियम वर आणि सरसकट नियम खाली. गंमत अशी की ओपनबीएसडी नावाची युनिक्स घराण्यातलीच दुसरी प्रणाली आहे, तिच्या पीएफ या फिल्टरमध्ये नेमकं उलटं असतं. तिथे शेवटचा जुळणारा नियम लागू होतो, ‘क्विक’ हा शब्द लावून मध्येच थांबवलं नाही तर. तोच तक्ता त्या पद्धतीने वाचला तर सात नंबरवाला अडकतो. पण तिसऱ्या नियमाने बाकीचा वर्गही अडकतो! मुलांनीच सांगितलं की मग ‘बाकी सगळे थांबा’ हे सगळ्यात वर न्यावं लागेल. हा खेळ करून पाहा, पंधरा मिनिटांत होतो.

आणखी एक भानगड. बाहेरून येणारं सगळं बंद केलं तर आपण मागवलेल्या वेबसाइटचं उत्तर कसं येणार? तेही बाहेरूनच येतं ना! यासाठी रक्षकाकडे रजिस्टर असतं. आतून कुणी बाहेर गेलं की तो नोंद करतो, आणि त्याच नोंदीचं उत्तर परत आलं की ‘हे आपलंच’ म्हणून आत घेतो. पाणी प्यायला विचारून गेलेला मुलगा परत आल्यावर आपण त्याला पुन्हा प्रवेश अर्ज भरायला लावत नाही, तसंच. जुन्या काळचे फिल्टर ही आठवण ठेवत नसत. २००१ मध्ये लिनक्सच्या २.४ आवृत्तीबरोबर आयपीटेबल्स आलं आणि लिनक्सला ही आठवण मिळाली. आता आयपीटेबल्सच्या जागी एनएफटेबल्स आलंय. आपल्याला त्या दोघांच्या लांबलचक ओळी लिहायची गरज नाही. उबुंटूवर यूएफडब्ल्यू हे सोपं साधन आधीपासून असतं, फक्त ते बंद असतं. चालू आपल्याला करावं लागतं.

इथे आज्ञा मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिते. संगणकावर टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा.

पहिली आज्ञा ‘सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग’. अर्थ: कोणताच नियम जुळला नाही तर बाहेरून येणारं अडवा. दुसरी ‘सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट अलाऊ आउटगोइंग’. अर्थ: आतून बाहेर जाणारं जाऊ द्या. तिसरी ‘सुडो यूएफडब्ल्यू इनेबल’, म्हणजे चालू कर. एवढ्यात घरच्या साध्या संगणकाचं काम झालं.

पण मी हे माझ्या टेबलावर बसून, २२ नंबरच्या खोलीतून कपाटातल्या सर्व्हरमध्ये शिरून केलं. ‘इनेबल’ म्हटल्यावर त्याने विचारलंसुद्धा, की यामुळे चालू जोडणी तुटू शकते, पुढे जाऊ का? मी बिनधास्त ‘वाय’ दाबलं. काहीच तुटलं नाही. खूश होऊन खिडकी बंद केली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सर्व्हर मला ओळखेना! माझं आदल्या दिवशीचं बोलणं रजिस्टरात चढलेलं होतं म्हणून ते चाललं, पण नवीन येणाऱ्याला २२ नंबरची परवानगी मी दिलीच नव्हती. धड्यांची वाटही बंद, कारण तीही उघडली नव्हती. कपाटाची चावी ज्यांच्याकडे त्या मॅडम लग्नाला गेलेल्या. दोन दिवस मुलांचा सराव बुडाला. तिसऱ्या दिवशी कपाट उघडून स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला तेव्हा कुठे सुटका झाली.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट २२ प्रोटो टीसीपी’. इथे १९२.१६८.१.०/२४ म्हणजे शाळेच्या आतल्या जाळ्यातले सगळे पत्ते, ज्यांची सुरुवात १९२.१६८.१ ने होते. तुमचं जाळं वेगळं असेल तर तो आकडा बदला. तशीच ओळ धडे ज्या पोर्टवर चालतात त्या पोर्टसाठी लिहा, आमच्याकडे तो ८०८० आहे. मग ‘इनेबल’. आणि पहिली खिडकी बंद करण्याआधी दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन होतंय का ते पाहा. जुने जाणकार आणखी एक युक्ती करतात: पाच मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल अशी वेळ आधी लावून ठेवतात. सगळं ठीक चाललं तर ती वेळ रद्द करायची. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड’ म्हटलं की नियम क्रमांकासह दिसतात, तक्ता भिंतीवर लावल्यासारखे.

इतकं झाल्यावर मला वाटलं, झालं काम. मग पालक सभेला आमच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा आले. ते एका गेटवर ड्युटी करतात. मुलीने घरी जाऊन खेळ सांगितलेला. ते म्हणाले, “मॅडम, आत येनाऱ्याले इच्यारतोच आमी. पन भायेर जानाऱ्याची थैली जास्त पायतो. माल तं भायेर जाते न!”

मी गप्पच झाले. आपण ‘बाहेर जाणारं सगळं जाऊ द्या’ लिहून बसलो होतो.

हे किती खरं आहे ते विजेच्याच उदाहरणावरून सांगते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आपल्यापैकी अनेकांचे ऑनलाइन वर्ग चालू होते, आठवत असेल. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला, की रेडएको नावाने ओळखला जाणारा, चीनशी संबंधित गट भारताच्या वीज क्षेत्रातल्या संस्थांच्या मागे लागलेला आहे. १ मार्चला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा आधार देऊन वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ ट्रोजन शिरल्याची शक्यता सांगितली. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मुंबईची वीज मानवी चुकीने गेली, सायबर हल्ल्याने नव्हे, असं सांगितलं. म्हणजे मुंबईची वीज हॅकरांनी घालवली असं ठामपणे मुलांना सांगू नका, व्हॉट्सअॅपवर काहीही फिरत असलं तरी.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने त्याच दिवशी निवेदन काढलं. देशाच्या वीज जाळ्याचा समतोल सांभाळणारी संस्था तेव्हा पोसोको नावाची होती, आता तिला ग्रिड-इंडिया म्हणतात. तिच्या काही नियंत्रण केंद्रांना शॅडोपॅड या घुसखोर प्रोग्रॅमचा धोका असल्याचा ई-मेल १९ नोव्हेंबर २०२० ला सर्ट-इनकडून आला होता. १२ फेब्रुवारी २०२१ ला दुसऱ्या एका सरकारी संस्थेने रेडएकोबद्दल सावध केलं आणि पत्त्यांची यादी दिली. मग काय केलं? यादीतले सगळे पत्ते सर्व नियंत्रण केंद्रांच्या फायरवॉलवर अडवले, आणि त्या पत्त्यांकडे जाण्याचा कुणी प्रयत्न करतंय का हे फायरवॉलच्या नोंदीत पाहत राहिले. अँटिव्हायरसने सगळे संगणक तपासले ते वेगळं. माहिती चोरीला गेल्याचं आढळलं नाही, असंही मंत्रालयाने म्हटलं.

‘त्या पत्त्यांकडे जाण्याचा प्रयत्न’ हे शब्द पाहा. असा प्रोग्रॅम एकदा आत शिरला की गप्प बसत नाही, आपल्या मालकाला आतून फोन लावतो आणि ‘आता काय करू’ विचारतो. आतून निघालेला फोन, म्हणून रजिस्टरात आपलाच समजला जातो आणि उत्तरही आत येतं! तो पकडायचा असेल तर बाहेर जाणाऱ्या दारावरच रक्षक हवा.

मग मी सर्व्हरवर ‘सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय आउटगोइंग’ केलं. त्याआधी, आता शहाणी झाल्यामुळे, लागतं तेवढं उघडलं: ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ आउट ५३’, मग अपडेटसाठी ‘८०/टीसीपी’ आणि ‘४४३/टीसीपी’, घड्याळ जुळवायला ‘१२३/यूडीपी’. कपाटातल्या डब्याला यापेक्षा जास्त काय लागतं? मुलं बसतात त्या संगणकांवर मात्र हे करू नका, रोज काहीतरी अडेल आणि तुम्हीच वैतागून फायरवॉल बंद कराल.

एखादा वाईट पत्ता अडवायचा असेल, समजा २०३.०.११३.७ (हा फक्त उदाहरणांसाठी राखलेल्या पत्त्यांपैकी आहे), तर ‘सुडो यूएफडब्ल्यू इन्सर्ट १ डिनाय आउट टू २०३.०.११३.७’. ‘इन्सर्ट १’ कशाला? सात नंबरवाला आठवा. हा नियम शेवटी लिहिला तर वरचा ‘४४३ ला जाऊ द्या’ त्याला आधीच सोडून देईल. अर्थात वाईट माणसाने पत्ता बदलला की यादी शिळी होते, म्हणून नोंदी पाहणं सुटत नाही.

नोंदींसाठी ‘सुडो यूएफडब्ल्यू लॉगिंग ऑन’. ‘व्हार-लॉग’ या फोल्डरमध्ये यूएफडब्ल्यूच्या नावाची फाइल तयार होते. तीत ‘ब्लॉक’ असलेल्या ओळी वाचा: ‘एसआरसी’ पुढे कुठून आलं, ‘डीएसटी’ पुढे कुठे जायचं होतं, ‘डीपीटी’ पुढे खोली नंबर. पहिल्या दिवशी इतक्या ओळी पाहून मला घाम फुटला. नीट पाहिलं तर बहुतेक आमच्याच प्रिंटरच्या आणि एका सरांच्या मोबाइलच्या होत्या. ही यंत्रं जाळ्यात ‘कोणी आहे का’ म्हणून सतत हाका मारत असतात. आठवडाभर रोजचा गोंगाट ओळखीचा झाला की अनोळखी आवाज आपोआप कानात शिरतो.

पालकांसाठी एक गोष्ट उरली. घरच्या वायफायच्या डब्यातही असा रक्षक असतो आणि बाहेरून आपणहून येणाऱ्याला तो सहसा आत घेत नाही. पण घरी सीसीटीव्ही बसवायला माणूस येतो, मोबाइलवर कॅमेरा दिसावा म्हणून कधी कधी त्या डब्यात एक पोर्ट जगासाठी उघडतो आणि पैसे घेऊन जातो. पासवर्ड कारखान्यातून आलेलाच राहतो. तो माणूस घरात असतानाच विचारा: कोणता पोर्ट उघडला, कशासाठी, आणि तो न उघडता कॅमेरा दिसतो का? त्याला उत्तर देता आलं नाही, तर पासवर्ड बदलून घ्या आणि पोर्ट बंद करायला सांगा. मगच चहा द्या!