पपनसाएवढी गार

बोर, सुपारी, लिंबू. गारांचं आपलं मोजमाप इथवरच. १ ऑगस्ट २०२२ रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात मार्करव्हिलजवळ पडलेली एक गार १२३ मिलिमीटर रुंद होती, म्हणजे लहानसं पपनसच. वजन २९२.७१ ग्रॅम, क्रिकेटच्या जवळजवळ दोन चेंडूंइतकं. एवढ्या गारा ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतात. शोएब अख्तरचा सर्वांत वेगवान चेंडू १६१.३चा होता, पण तो निदान समोरून यायचा.

ती पडली कशी यापेक्षा इतका वेळ वर राहिली कशी, याचं मला जास्त नवल वाटतं. तिला तोलून धरायचं तर खालून वर जाणारा वाराही जवळपास तितक्याच वेगाचा हवा.

हे बळ कुठून येतं, याचा एक धागा शेतात सापडतो. अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा या प्रेअरी प्रांतांत गहू आणि कनोला (आपल्या मोहरीची भाऊबंद) मिळून चार कोटी एकरांहून जास्त पेरा असतो. जुलैत भरात आलेलं पीक दिवसाला पाच मिलिमीटर पाणी सहज हवेत सोडतं. म्हणजे एकरी वीस हजार लिटर, दोन टँकर. चार कोटी एकरांचे रोजचे आठ कोटी टँकर! धरणांच्या हिशेबात हे २८ टीएमसीच्या वर जातं. १०५ टीएमसीचं कोयना धरण चार दिवसांत कोरडं. सगळं पीक एकाच दिवशी भरात नसतं, कबूल. निम्मं धरा, तरी आकडा पचत नाही.

ही वाफ लगेच उसळत नाही. रॉकी पर्वतांकडून आलेला उष्ण, कोरड्या हवेचा थर वरून झाकणासारखा बसतो. दुपारच्या उन्हात ते कुठंतरी फुटतं आणि बघता बघता ढग बारा किलोमीटरवर जातो, एव्हरेस्ट ८.८५ किलोमीटरवर संपतो. वाफेचं पाणी होताना किलोमागे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. शंभर चौरस किलोमीटरवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २५ लाख टन पाणी. त्यातून सुटलेल्या उष्णतेइतकी वीज करायला १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाला पूर्ण क्षमतेनं ३७ दिवस चालावं लागेल. वादळ ते काम जेवणाच्या सुट्टीत उरकतं.

अवघड आहे ते झाकण नेमकं कुठं फुटेल हे सांगणं. एडमंटनजवळच्या स्टोनी प्लेनहून दिवसातून दोनदा हवामानाचा फुगा सोडतात, मुंबईतला फुगा सुटतो त्याच वेळी. तिथं तेव्हा सकाळचे नाहीतर संध्याकाळचे सहा वाजत आलेले असतात. वादळं उठतात दुपारी, दोन फुग्यांच्या बरोबर मधे! संगणकाचं प्रारूप अडीच किलोमीटरच्या चौकटींत आकाश कापतं, पण वादळाची पहिली फुगवटी त्याहून लहान असू शकते.

एकदा उठलं की रडार दर सहा मिनिटांनी बघतं. ताशी ६० किलोमीटरनं सरकणारं वादळ तेवढ्यात सहा किलोमीटर पुढं गेलेलं असतं. शिवाय पृथ्वी गोल. रडारचा किरण २४० किलोमीटरवर पोचेपर्यंत जमिनीपासून तीन किलोमीटरहून वर गेलेला असतो. त्याच्या खाली चक्रीवात (टोर्नेडो) नाचत असला, तरी तो रडारला दिसत नाही. दिसतो तो रस्त्यावर गाडी थांबवून बघणाऱ्याला. २२ जून २००७ला मॅनिटोबातल्या इलाय गावात कॅनडाचा आजवरचा एकमेव एफ-५, म्हणजे सर्वांत तीव्र दर्जाचा, चक्रीवात आला. घर उखडून गेलं, माणूस एकही दगावला नाही. एडमंटनमध्ये ३१ जुलै १९८७ला मात्र २७ जण गेले.

आणि पैसा? ५ ऑगस्ट २०२४ला कॅल्गरीवर झालेल्या गारपिटीत विम्याचं नुकसान पहिल्याच अंदाजात २.८ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेलं. आपले सतरा हजार कोटी रुपये.

मार्करव्हिलच्या गारेनं मोडलेला कॅनडातल्या सर्वांत जड गारेचा विक्रमही प्रेअरीतलाच: सस्कॅचवानमधलं सेडू, १९७३, २९० ग्रॅम. एकोणपन्नास वर्षांनी फरक पडला जेमतेम पाव तोळ्याचा. दोन्ही आकडे जमिनीवर सापडल्यानंतरचे. काट्यावर चढेपर्यंत त्यांतलं किती वितळून गवतात गेलं होतं, ते कुठल्याच काट्यानं पाहिलेलं नाही.