पुढचा लॉकर: ऐकीव किती, खरं किती

‘पुढचा लॉकर बसोला का गाडी फसतच नाही, भाऊ!’ अमरावती-अकोल्याकडे थार, जिप्सी किंवा जुनी जीप बाळगणारे चार जण जमले की हे वाक्य कुणीतरी हमखास बोलतं. मग दुसरा सांगतो, चार बोल्टचं काम आहे, अंगणात बसवता येतं. तिसऱ्याच्या मते त्याच्या फोर बाय फोरमध्ये लॉक आधीच आहे. तिघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे आणि पुष्कळ ऐकीव आहे. खर्च हजारांत होतो आणि काम स्टिअरिंगच्या चाकांजवळचं असतं, म्हणून आधी ऐकीव भाग बाजूला केलेला बरा.

सगळ्यात पसरलेला समज असा: एक चाक चिखलात गरगरतं तेव्हा इंजिनाचा सगळा जोर ते चाकच खाऊन टाकतं, आणि लॉकर तो जोर काढून दुसऱ्या चाकाला देतो. घडतं वेगळंच. साधं डिफरेन्शियल, म्हणजे एका आसावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी, दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतं. पण चाकाला जोर तेवढाच लावता येतो, जेवढा खालची जमीन झेलते. चिखलातलं चाक समजा २०० एकक टॉर्कलाच घसरायला लागलं, तर गोट्यावर घट्ट बसलेल्या दुसऱ्या चाकालाही २००च मिळतात, मग त्याची झेलायची तयारी १५०० ची का असेना. एकूण ४००. गाडी हलत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो. वेग सारखा होतो आणि टॉर्क ज्याच्याखाली पकड आहे त्याच्याकडे जमिनीच्या ऐपतीप्रमाणे जातो. आता २०० अधिक १५००. लॉकर ताकद निर्माण करत नाही, जमिनीत असलेली पकड वाया जाऊ देत नाही. म्हणजे पकड मुळात दोन्ही बाजूंना नसेल तर लॉकरपाशी वाटायला काही उरत नाही. वऱ्हाडातल्या मातीचा प्रश्न इथेच येतो, त्याकडे पुढे येतो.

ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला हे सगळं पायाला माहीत असतं. नांगरताना एक चाक तासात आणि एक वर, वरचं चाक घसरायला लागलं की सीटखालच्या डिफरेन्शियल लॉकच्या पेडलवर टाच पडते, ट्रॅक्टर सरळ निघतो आणि बांधाशी वळायच्या आधी टाच उचलली जाते. पेडल नसेल किंवा अडकलं असेल तर अनुभवी माणूस घसरणाऱ्या चाकाचा एकट्याचा ब्रेक दाबतो. त्या चाकाला खोटी पकड मिळते आणि दुसऱ्याला तेवढाच जास्त टॉर्क जातो. २०२० पासूनच्या थारमधली ब्रेकने लॉक करण्याची सोय किंवा जिम्नीतली तशीच यंत्रणा हेच काम सेन्सरच्या सांगण्यावरून करते. कंपनीने मोठ्या नावाने विकलेली ही युक्ती आपल्याकडचा सालदार फार आधीपासून पायाने करतो आहे.

‘फोर बाय फोर टाकलं म्हणजे चारही चाकं लॉक’ हा दुसरा समज. थार, जिप्सी यांसारख्या गाड्यांत फोर-एच किंवा फोर-एल टाकल्यावर ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधते. डाव्या-उजव्याचा संबंध तिथे येत नाही. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हवेत गेलं, तर चार चाकांची गाडी दोन चाकं हवेत फिरवत उभी राहते. ओढ्याच्या तिरक्या उतारावर हे नेहमी होतं. जुन्या जीप आणि जिप्सीच्या पुढच्या हबवर ‘लॉक’ आणि ‘फ्री’ असं लिहिलेली चकती असते. ती फिरवली की डिफरेन्शियल लॉक झालं असं मानणारे अजून भेटतात. ती चकती फक्त चाकाला त्याच्या आसाशी जोडते. ती फ्रीवर असेल तर फोर बाय फोर टाकूनही पुढची चाकं ओढणार नाहीत, एवढाच तिचा संबंध.

भारतात कारखान्यातूनच पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक घेऊन येणारी ओळखीची गाडी म्हणजे फोर्स गुरखा. नाशिकला बनणाऱ्या थारमध्ये काही प्रकारांना मागे यांत्रिक लॉक मिळतं. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते स्वतःहून पकडतं, आणि वेग वाढल्यावर पकडत नाही. पुढे असं लॉक नसतं. म्हणून ‘मागे आहे, आता पुढेही टाकू’ ही इच्छा होते. तीत चूक काही नाही, पण पुढचा आस आणि मागचा आस यांत एक मोठा फरक आहे: पुढची चाकं वळतात.

काटकोनात वळताना दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर असेल, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की छोटं, हा फरक बदलत नाही. डिफरेन्शियल हा फरक सामावून घेण्यासाठीच असतं. पुढचा आस लॉक केला की हे २.३५ मीटर टायर घासून काढावे लागतात. चिखलात किंवा मुरमात ते घासतात आणि निभतं. डांबरीवर किंवा सिमेंट रस्त्यावर ते घासत नाहीत. तेव्हा सगळा ताण आसावर, चाकाजवळच्या सांध्यांवर आणि स्टिअरिंगवर येतो. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, पुढचा लॉक चालू, एक चाक दगडात अडकलेलं आणि वरून ॲक्सिलरेटर, ही चार गोष्टींची गाठ पडली की चाकाजवळचा सांधा तुटतो. तो लॉकरच्या दोषाने तुटत नाही, वापरण्याच्या पद्धतीने तुटतो. पुढचा लॉक सरळ चाकांनी, सावकाश, अडचण असेल तेवढ्यापुरताच लावायचा. बांधाशी टाच उचलायची सवय इथेही लागते.

आणखी एक. एबीएस असलेल्या गाडीत प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजून ब्रेक सोडला-धरला जातो. दोन चाकं बांधली गेली की त्यांचा वेग वेगळा दिसतच नाही. कारखान्यातून लॉक आलेल्या गाडीच्या संगणकाला हे ठाऊक असतं. बाहेरून बसवलेला लॉकर त्याला कुणी सांगितलेला नसतो.

आता मातीकडे. वऱ्हाडातली काळी माती कोरडी असते तेव्हा भेगाळलेली आणि दगडासारखी कठीण असते. पाणी पडलं की तिच्यातली चिकणमाती फुगते आणि टायरच्या खाचा मिनिटभरात भरून टाकते. मग तुम्ही कितीही महागडे खाचांचे टायर घेतले असले तरी जमिनीला टेकतो तो गुळगुळीत काळा गोळा. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हाऱ्याकडच्या खारपाण पट्ट्यात, पूर्णेच्या दोन्ही काठांना, मातीत सोडियम जास्त असल्याने पाणी खाली मुरतच नाही, वरचा थर लोण्यासारखा सरकतो. अशा पांदणीत डाव्या चाकाखाली जे आहे तेच उजव्याखाली. दोन्हीकडे पकड सारखीच कमी. वरच्या हिशोबात सांगायचं तर २०० अधिक २००, लॉक लावला काय नि नाही लावला काय, ४०० च. उलट आता दोन चाकं एकदम खणतात आणि गाडी दुप्पट वेगाने पोटावर बसते.

याहून वाईट प्रसंग पांदणीच्या उतरत्या कडेला येतो. टायरची पकड पुढे ओढायला आणि बाजूला घसरू न द्यायला, दोन्ही कामांना वाटली जाते. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक गरगरत असतं, दुसरं उभं असतं, आणि ते उभं चाक गाडीला बाजूला धरून ठेवतं. लॉक लावल्यावर दोन्ही चाकं गरगरायला लागली की बाजूची पकड दोन्हीकडून एकदम जाते आणि गाडीचं तोंड अलगद नालीत उतरतं. तिरक्या ओल्या पांदणीत ‘लावा लॉक’ असं बाहेर उभं राहून ओरडणाऱ्याचं ऐकू नका.

लॉकर कामाला येतो तो एका चाकाखाली दगड आणि दुसऱ्याखाली काही नाही अशा ठिकाणी: सातपुड्याच्या पायथ्याचे गोट्यांचे नाले, खडकाळ चढ, खोल घळी, एक चाक वर उचलणारे खड्डे. अकोटच्या वर किंवा चिखलदऱ्याच्या बाजूला अशी जमीन भरपूर आहे. मात्र मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तिथे ठरलेला रस्ता सोडून गाडी घालणं हा हौसेचा नव्हे, वन्यजीव कायद्याचा विषय आहे. तेव्हा खासगी वावर, मालकाची परवानगी, एवढंच मैदान उरतं.

घरी बसवण्याविषयीचा समज दोन टोकांचा असतो. ‘काहीच नाही त्यात’ आणि ‘कंपनीशिवाय कुणी हात लावू नये’. दोन्ही चूक. लॉकर ढोबळमानाने दोन जातींचे. एक जात जुन्या डिफरेन्शियलच्या पिंजऱ्यातले छोटे गिअर काढून त्यांच्या जागी बसते. क्राऊन आणि पिनियन या मुख्य गिअरांची मांडणी फारशी हलत नाही, म्हणून घरी जमण्यासारखं काम हेच. हा लॉकर स्वतःहून पकडतो-सोडतो, त्याला बटण नसतं. जिप्सीसारख्या गाडीत हब फ्री असताना रस्त्यावर त्याचा त्रास नाही, पण फोर बाय फोरमध्ये स्टिअरिंग हाताला ओढ देतं. दुसरी जात हवेवर किंवा विजेवर चालणारी, बटणाची. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीचे हवेचे लॉकर जगभर प्रसिद्ध आहेत. यात पूर्ण पिंजराच बदलतो, आणि मग क्राऊन-पिनियनमधला खेळ नव्याने लावावा लागतो.

हा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यातला असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तकातूनच घ्यायचा. बोटाने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणं चालत नाही, डायल गेज लागतोच. जुनं काम उघडण्याआधी आहे तो खेळ मोजून लिहून ठेवा. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण पंचने करा, कारण त्या जागेवर घासून जुळलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग जातं. दोन्हीकडच्या शिम वेगळ्या पिशव्यांत ठेवा. बसवल्यावर क्राऊनच्या दातांना रंग लावून फिरवायचं आणि रंगाचा ठसा दाताच्या मधोमध येतो का ते पाहायचं. ठसा टोकाला किंवा बुडाला सरकला असेल तर पुन्हा उघडायचं, कंटाळा करायचा नाही. हा कंटाळा पुढे घरघर होऊन ऐकू येतो. हवेच्या नळीसाठी हौसिंगला भोक पाडावं लागलं तर किसाचा एक कणही आत राहता कामा नये.

जिप्सीच्या पुढच्या आसात आणखी एक काम वाढतं: आधी दोन्ही बाजूंचे हब आणि स्टिअरिंगचे नकल उघडून आस बाहेर ओढावे लागतात, त्याशिवाय डिफरेन्शियल सुटत नाही. म्हणजे ‘चार बोल्ट’वाल्याने हे काम कधी पाहिलेलं नाही. सील, ग्रीस आणि नकलचे बेअरिंग नवे आणून ठेवूनच सुरुवात करा. गाडी उभी करायची ती सिमेंटच्या फरशीवर, मागच्या चाकांना अडण लावून, चेसिसखाली घोड्या देऊन. काळ्या मातीच्या अंगणात घोडी एका बाजूने आत जाते, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाणं हा मूर्खपणा आहे, त्याला धाडस म्हणू नये. जुनं गिअर तेल डब्यात भरून द्या, नालीत सोडू नका.

गेज आणि टॉर्क रेंच नसेल तर घरी उघडणं-धुणं करा आणि जुळवणीला मिस्त्री गाठा. तो जीपवालाच हवा असं नाही. ट्रॅक्टरची क्राऊन-पिनियन वर्षानुवर्षं बसवलेला माणूस तालुक्याच्या कुठल्याही गावी मिळतो आणि त्याचा हात या कामात बसलेला असतो.

कायद्याचं थोडक्यात. ‘आतला भाग आहे, कुणाला दिसतो?’ हे उत्तर नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने नियमाबाहेर भाग बसवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. एमएच-२७ असो की एमएच-३०, काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

माझा क्रम विचाराल तर पैसे आधी चांगल्या टायरवर आणि हवा भरायच्या पंपावर घाला, मग ओढायचा मजबूत पट्टा आणि विंच, मग मागचा लॉक, आणि पुढचा लॉकर शेवटी, तोही खडकाळ जमिनीवर नेहमी जाणार असाल तरच. आणि काळ्या मातीच्या पांदणीत पाऊस होऊन दोन दिवस ऊन पडलं नसेल, तर लॉकर असो वा नसो, गाडी डांबरीवर उभी करा आणि वावरात पायी जा.