सैतानाशी सौदा: 'कॉन्स्टंटाइन'ची ओळख

भुतं उतरवणारा माणूस म्हटला की तो पुण्यवान असणार, असं आपण धरून चालतो. 2005 सालच्या 'कॉन्स्टंटाइन'चा नायक मात्र भुतं हाकलतो ती स्वतःची कातडी वाचवायला. (पुढे शेवट सांगितला आहे.)

पात्राचा जन्म

जॉन कॉन्स्टंटाइन 1985 मध्ये डीसीच्या 'स्वॉम्प थिंग' या कॉमिक मालिकेच्या 37व्या अंकात आला. लेखक होते ॲलन मूर. चित्रकार स्टीफन बिसेट आणि जॉन टोटलबेन यांना गायक स्टिंगसारखा दिसणारा माणूस रेखाटायची हौस होती, त्यातून त्याचा चेहरा घडला. 1988 मध्ये त्याला 'हेलब्लेझर' ही स्वतंत्र मालिका मिळाली आणि 2013 पर्यंत तिचे 300 अंक निघाले. लिव्हरपूलचा हा मांत्रिक सतत सिगारेट ओढतो, थापा मारतो आणि त्याच्या डावपेचांत बळी बहुधा मित्रांचा जातो. वाचकांबरोबर त्याचंही वय वाढत गेलं, हे या मालिकेचं वेगळेपण.

पडद्यावर येताना

दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स यांचा हा पहिलाच चित्रपट. त्याआधी ते संगीत व्हिडिओ करत. कॉमिकमधल्या लंडनच्या जागी लॉस एंजेलिस आलं, सोनेरी केसांच्या इंग्रजाच्या जागी काळ्या केसांचा किआनू रीव्हज. 'हेलरेझर' या जुन्या भयपटाशी गल्लत नको म्हणून 'हेलब्लेझर' हे नावही बदललं. कॉमिकचे चाहते नाराज झाले. नायकाचा फुप्फुसाचा कर्करोग मात्र तसाच राहिला. तो गार्थ एनिस यांच्या 'डेंजरस हॅबिट्स' (1991) या कथेतून आला आहे.

कथेचे नियम

देव आणि सैतान यांच्यात माणसांच्या आत्म्यांवरून पैज लागली आहे. दोघांनाही माणसांशी थेट संपर्क करता येत नाही. त्यांचे अर्धे मानवी हस्तक फक्त कानाशी कुजबुजू शकतात. कॉन्स्टंटाइनला हे हस्तक लहानपणापासून दिसतात. तो छळ असह्य होऊन किशोरवयात त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला आणि दोन मिनिटं तो मृत होता. कॅथलिक श्रद्धेनुसार हे महापाप, म्हणून त्याची जागा नरकात ठरलेली. भुतं हाकलून तो पुण्य साठवू पाहतो. टिल्डा स्विंटनने साकारलेला देवदूत गॅब्रिएल त्याला सुनावतो, की स्वार्थापोटी केलेलं पुण्य जमेस धरलं जात नाही. चित्रपटाचा सगळा पेच इथेच आहे.

नरक कसा दिसतो

इथला नरक म्हणजे लॉस एंजेलिसच, पण अणुस्फोटाची लाट कधीच न थांबलेलं. तेच रस्ते, त्याच गाड्या, सगळं जळत आणि उडत राहिलेलं. तिथे जायला कॉन्स्टंटाइन पाण्यात पाय सोडून बसतो आणि मांडीवर मांजर घेतो. रक्तपात बेताचा असूनही या वातावरणामुळे अमेरिकेत चित्रपटाला प्रौढांसाठीचं 'आर' प्रमाणपत्र मिळालं.

दोन शेवट

कॉमिकमध्ये कॉन्स्टंटाइन सैतानाच्या वाट्याचा आपला आत्मा नरकाच्या आणखी दोन अधिपतींना गुपचूप विकतो. तो मेला तर तिघांत युद्ध पेटेल, म्हणून तेच नाइलाजाने त्याला बरं करतात. निव्वळ लबाडी.

चित्रपटात तो मरणाच्या दारात जाऊन सैतानाला म्हणजे ल्युसिफरला बोलावतो आणि पोटचा पोरगाच तुझ्यामागे कट करतोय, ही चुगली करतो. मोबदल्यात तो स्वतःसाठी आयुष्य मागत नाही. नायिकेची बहीण इसाबेल नरकात अडकलेली असते, तिची सुटका मागतो. या त्यागाने त्याला स्वर्गाचं दार उघडतं. हातचं सावज जातंय हे पाहून ल्युसिफर त्याच्या फुप्फुसांतला कर्करोग उपटून काढतो. हा जगला तर पुन्हा पाप करेल, एवढीच त्याची आशा. पीटर स्टॉरमेअरचा पांढऱ्या सुटातला, अनवाणी, डांबराने माखलेल्या पावलांचा ल्युसिफर थोडाच वेळ दिसतो, पण चित्रपट खिशात घालतो.

कुठून सुरुवात करावी

चित्रपटाने नायकाला थोडं सज्जन केलं, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचा धूर्तपणा शाबूत ठेवला, हेही तितकंच खरं. आधी 'डेंजरस हॅबिट्स'ची कथा असलेले 'हेलब्लेझर'चे 41 ते 46 हे अंक वाचावेत, मग चित्रपट पाहावा. श्रेयनामावली संपेपर्यंत मात्र उठू नका. त्यानंतर एक छोटा प्रसंग आहे.