पडद्यावर अक्षर कसे उमटते?

माहीमला दर्या नवा नाही. पण संगणकावर ‘दर्या’ असा शब्द टंकित केला आणि पडद्यावर ‘दऱ्या’ उमटल्या, तर समुद्र जाऊन डोंगर यावयाचे! हा भेद राखतो कोण?

छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी असे. संगणकात ते काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. मजकुरात अक्षरांची चित्रे नसतात. युनिकोड या जागतिक यादीतले क्रमांक असतात. ‘माहीम’ म्हणजे २३५०, २३६६, २३६१, २३६८ आणि पुन्हा २३५०. क्रम उच्चाराचा. जवळच्या शिरगावचे नाव लिहिताना वेलांटी आपण आधी काढतो. संगणक मात्र आधी ‘श’ साठवतो, मग वेलांटी. दाखवतेवेळी ती उचलून अलीकडे ठेवावयाची, ‘दर्या’तला रफार ‘या’च्या डोक्यावर चढवावयाचा, ही जुळणी त्या क्षणी होते. ‘दऱ्या’तल्या ‘र’ला क्रमांकच निराळा, २३५३, म्हणून घोटाळा टळतो.

पुढे फॉन्टमधल्या वक्ररेषांच्या आत ठिपके भरले जातात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ठिपके वीस लाखांहून अधिक, आणि ते बहुधा सेकंदाला ६० वेळा नव्याने दाखवले जातात. छायाचित्र असो की चित्रपट, शेवटी ठिपकेच. पण चित्रपट आधीच ठिपक्यांचा असतो. अक्षर दर वेळी नव्याने घडवावे लागते.

पूर्वी ही सोय नव्हती. जुन्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट हरवला की मजकूर गेला. भारतीय मानक ‘इस्की’ आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालची. पण घरोघरच्या संगणकांत देवनागरीची जुळणी ऑपरेटिंग सिस्टिमनेच करावी, ही सोय विंडोज २००० बरोबर आली. तिच्यातला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. अक्षरावर प्रेम करणाऱ्या कवीच्या हातून हे व्हावे, याचे आम्हांला विशेष वाटते.

एका संस्थेचा जुना अहवाल आम्ही अलीकडे उघडला, तो पानभर रोमन अक्षरांचा कचरा! रूपांतर करून पाहिले. वेलांट्या भलतीकडे, रफार गायब. अखेर एका सभासदाच्या कपाटात छापील प्रत निघाली. तीवरून सारा अहवाल पुन्हा टंकित करावा लागला.