पाकटाच्या अंगाचं विमान

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवर मुंबईचं विमान उतरलं, ते एटीआर-७२. नळीसारखं धड, दोन बाजूंना पंख, मागे शेपटी. जगभर बहुतेक हाच साचा. तो मोडू पाहणाऱ्यांपैकी एक म्हणजे नासा आणि बोइंगचं एक्स-४८बी.

इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड एरोस्पेसनं बांधलेलं हे विमान २० जुलै २००७ ला कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावरून पहिल्यांदा उडालं. पंखांचा पसारा सव्वासहा मीटर, वजन अडीचशे किलोच्या आत, पाठीवर तीन छोटी जेट इंजिनं. रूप थेट मांटा रे माशाचं, म्हणजे कोकणातल्या पाकटाच्या थोरल्या भावाचं. अकोल्याकडच्या काटेपूर्णेच्या धरणात असलं काही गळाला लागायचं नाही, म्हणून सांगतो: धड कुठं संपलं नि पंख कुठं सुरू झाला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. अभियंत्यांनी मासा समोर ठेवून नक्कल केली असंही नाही. धडानंही उचल द्यावी, हवेला घासणारा पृष्ठभाग कमी व्हावा, इंधन वाचावं, असा हिशेब करत ते माशापाशी पोचले.

शेपटी गेली की तोल राखायची पंचाईत. त्यासाठी मागच्या कडेला वीस हलत्या पट्ट्या दिल्या. संगणक त्या सतत हलवायचा. वैमानिक जमिनीवर, पडद्यासमोर. अशी ९२ उड्डाणं झाली.

खरी गोची माणसं बसवण्यात आहे. उंचावर केबिनमध्ये दाबानं हवा भरावी लागते. गोल नळी तो दाब सगळीकडे सारखा सोसते, चपट्या पोटाच्या भिंती मात्र फुगू पाहतात. माशाला ही चिंता नाही. त्याच्या आतबाहेर दाब सारखाच. यावरचा उपाय गोधडी शिवणाऱ्या आजीलाही पटावा: कार्बन तंतूंचे थर आधी दोऱ्यानं शिवायचे, मग त्यांत राळ भिनवायची. चीर पडलीच तर टाक्यापाशी अडते. तरी मधल्या रांगांना खिडकी नाही, आणि वळताना कडेचा प्रवासी जास्तच वरखाली होणार.

मोरीची, म्हणजे शार्क माशाची, खरबरीत कातडी मात्र केव्हाच कामाला लागली. तिची नक्कल करणारी लुफ्थान्सा टेक्निक आणि बीएएसएफची ‘एरोशार्क’ फिल्म, सुमारे ५० मायक्रोमीटर उंचीच्या रेघांची, बोइंग ७७७ वर चिकटवतात. इंधन साधारण एक टक्का वाचतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकी हवाई दलानं पाकटाच्या अंगाच्या विमानाच्या पूर्ण आकाराच्या नमुन्यासाठी जेटझिरो कंपनीची निवड केली. उड्डाणाचं उद्दिष्ट २०२७. हवाई दलाचा डोळा टँकर आणि मालवाहू विमानांवर आहे, आणि मला तेच रास्त वाटतं. या आकारानं आधी माल वाहून दाखवावा, माणसं नंतर.