बोटीचे तिकीट काढण्याआधी

दिवाळी जवळ आली की बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य हमखास कानावर पडते, ‘डॉक्टरसाहेब, अंदमानले चाललो जी. बोटीत उलटी होऊ नये म्हणून एखादी गोळी लिहून द्या.’ विचारणारे बहुधा नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी असतात, नाहीतर मुलांनी हौसेने तिकिटे काढून दिलेले आईवडील. कोणाला सेल्युलर जेलसमोर नतमस्तक व्हायचे असते, कोणाला आयुष्यात एकदा समुद्र पाहायचा असतो. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. पाणी आपल्याला नवे नाही. वैनगंगेत डोंग्यात बसलेली माणसे आजही गावोगावी भेटतील. पण दोन-अडीच तास लाटांवर डोलणारी बोट हा प्रकार निराळा आहे.

गोळी मी लिहून देतो. पण आधी म्हणतो, ‘सहलीचा कागद दाखवा. कोणत्या दिवशी कोणती बोट?’ समोरच्याला आश्चर्य वाटते. डॉक्टरला बोटीच्या वेळापत्रकाशी काय देणेघेणे? हे देणेघेणे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता अंदमानला गेलो होतो. माझी पत्नी मधुमेही, इन्सुलिनवर. हॅवलॉकची बोट सकाळी लवकरची होती. पहाटे हॉटेल सोडताना तिने नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतले. नाश्ता बोटीत करू, असे मीच म्हणालो. बंदर सोडून वीस मिनिटे झाली नाहीत तोच लाटा सुरू झाल्या आणि तिला उलट्या. पोटात एक घास टिकेना. तासाभराने तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. साखर उतरली होती. ग्लुकोमीटर, ग्लुकोज, बिस्किटे सगळे मोठ्या बॅगेत, आणि मोठी बॅग सामानाच्या ढिगात खाली. पुढच्या रांगेतल्या एका माउलीने आपल्या मुलाचा आंब्याचा रस पुढे केला. सुदैवाने पत्नी शुद्धीवर होती, गिळू शकत होती. घोट घोट करून तो पोटात राहिला आणि पंधरा मिनिटांत ती सावरली. ‘इन्सुलिन घेतले की जेवण समोर हवे,’ हे मी वर्षानुवर्षे रुग्णांना सांगत आलो आहे. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र विसरलो. दोष बोटीचा नव्हता, समुद्राचाही नव्हता.

बोट हाच रस्ता

अंदमानची सहल साधारण तीन बेटांची असते. पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. तिथून हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. आणि नील, म्हणजे शहीद द्वीप. या दोन बेटांना २०१८ मध्ये नवी नावे मिळाली, पण बोलण्यात जुनीच आहेत. हॅवलॉकवर विमानतळ नाही, पूल नाही. दवाखाना आहे, पण मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. म्हणजे एखाद्याच्या छातीत दुखू लागले तर त्याला पुढे हलवायलाही बोटच, नाहीतर हेलिकॉप्टर. बोट थांबली की डॉक्टर, औषध आणि परतीचे विमान, तिन्ही एकदम दूर जातात.

आपल्याला हे समजणे कठीण नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा अनेक गावांचा संपर्क तुटला होता. त्या दिवसांत घरात आठवड्याची औषधे असलेला रुग्ण निश्चिंत होता आणि आजची गोळी उद्या आणू म्हणणारा अडकला होता. बेटावर अशी वेळ हवामान बिघडले की कधीही येऊ शकते. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकले आणि शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढले. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच येते. मे ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला. वयस्कर किंवा आजारी माणूस सोबत असेल तर जानेवारी ते मार्च हे महिने त्यातल्या त्यात शांत.

तिकीट काढताना

पहिला नियम : परतीच्या विमानाच्या दिवशी बेटावरून बोट पकडायची नाही. आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला परत या. स्वस्तात बसते म्हणून अनेकजण सकाळची बोट आणि दुपारचे विमान जोडतात. बोट रद्द झाली की तिकीट बुडते, रक्तदाब चढतो आणि औषधेही त्याच दिवशी संपतात. जमल्यास संपूर्ण सहलीत एक दिवस रिकामा ठेवा.

दुसरा : आधी बोटीची तिकिटे, मग हॉटेल. सुट्टीच्या दिवसांत बोटी लवकर भरतात. हॉटेलचे पैसे भरून झाल्यावर मिळेल ती वेळ घ्यावी लागते, आणि ती आपल्या जेवणाखाण्याला, औषधांना सोयीची असेलच असे नाही. तिकिटावरचे नाव ओळखपत्राप्रमाणेच असू द्या आणि मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा.

तिसरा : बोट कोणती, ते माणूस पाहून ठरवा. खासगी बोटी वेगवान, वातानुकूलित. प्रवास लवकर संपतो, पण बहुतेक वेळ बंद केबिनमध्ये बसावे लागते. सरकारी बोट संथ आणि स्वस्त, बेटावरच्या लोकांची ती एसटीच. तिच्यावर मोकळी हवा मिळू शकते, पण जागा मिळेलच याची खात्री कमी. फार मळमळणाऱ्याला मोकळी हवा बरी, गुडघेदुखी असलेल्याला कमी वेळाचा प्रवास बरा. आसन निवडता आले तर मधले, खालच्या मजल्यावरचे घ्या. तिथे हेलकावे सर्वात कमी. पुढच्या टोकाच्या ‘चांगल्या’ जागेसाठी जास्त पैसे मोजून लोक जास्त हेलकावे विकत घेतात!

चौथा : स्कूबा डायव्हिंग करायचे असेल तर ते सहलीच्या सुरुवातीला ठेवा. पाण्याखाली श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी विमानात चढले तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून मध्ये किमान १८ ते २४ तास हवेत.

उलटी का होते?

आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बंद केबिनमध्ये डोळे सांगतात, सगळे स्थिर आहे. कान सांगतात, आपण वर-खाली होतोय. या विसंगतीने मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. म्हणून मोबाइल आणि पुस्तक बंद ठेवा. खिडकीतून दूर क्षितिजाकडे पाहा किंवा डोळे मिटून डोके मागे टेकवा. उपाशीपोटी बसू नका आणि तेलकट पुरीभाजीही नको. इडली, टोस्ट, केळे पुरे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना हे जास्त जाणवते.

गोळीचे खरे गुपित वेळेत आहे. प्रोमेथॅझिन, मेक्लिझिन यांसारखी औषधे बोटीत बसण्याआधी किमान तासभर घ्यायची असतात. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर पडते. पोट बिघडल्यावर आपण घेतो ती ऑन्डानसेट्रॉनची गोळी बोट लागण्यावर फारशी उपयोगी नाही. या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते. विशिष्ट प्रकारचा काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथॅझिन देऊ नये. आणि गोळीसोबत मद्य, अजिबात नाही.

आजार सोबत असेल तर

इन्सुलिन किंवा साखर उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहाटेच्या बोटीचा डोस कधी, किती घ्यायचा हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उलट्या झाल्यास पाणी आणखी कमी पडते, चक्कर येते. त्याविषयीही विचारून ठेवा.

आपल्या पूर्व विदर्भात आणखी एका आजाराचा विचार करायलाच हवा, तो म्हणजे सिकलसेल. शरीरातले पाणी कमी झाले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. दोन तासांच्या उलट्या हे त्यांच्यासाठी निव्वळ ‘बोट लागणे’ नसते. असा तरुण मुलगा किंवा मुलगी सोबत असेल तर आदल्या दिवसापासून भरपूर पाणी, बोटीत क्षारसंजीवनी, केबिनच्या गारठ्यासाठी शाल, आणि तपासणीचे कार्ड व नेहमीची औषधे जवळ हवीत. त्यांनी स्कूबा टाळावे.

आणि सर्वांसाठी एकच छोटी पिशवी, कायम मांडीवर : सहलीच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवस जास्तीची औषधे, जुन्या चिठ्ठीची प्रत, पाणी, क्षारसंजीवनीची पाकिटे, ग्लुकोज किंवा रसाचा डबा, बिस्किटे आणि उलटीसाठी दोन-तीन पिशव्या. मोठी बॅग कुठेही जाऊ दे, ही नाही.

मागच्या आठवड्यात असेच एक गुरुजी आले होते. त्यांच्या कागदावर शेवटच्या दिवशी सकाळी नीलहून बोट आणि दुपारी विमान होते. मी पेनाने त्याखाली रेघ मारली. ते थोडे हिरमुसले, म्हणाले, ‘एक दिवस कमी होते जी समुद्राचा.’ बाहेर जाऊन त्यांनी मुलाला फोन लावला. परत आले तेव्हा म्हणाले, ‘बदलले तिकीट. आता गोळी लिहा.’